३७,५०४ नावे : नायजेरिया आणि घाना यांच्या अध्यापकसंख्येची एक तुलना

तक्ता अवघ्या दोन ओळींचा होता. वर नायजेरिया, खाली घाना. पुढच्या रकान्यात उच्च शिक्षणातल्या अध्यापकांची संख्या, त्यापुढे लोकसंख्या आणि शेवटी भागाकार करून काढलेले उत्तर : दर लाख लोकांमागे अध्यापक किती. एम.एड.ला तुलनात्मक शिक्षणावर लघुप्रबंध करणारी माझी विद्यार्थिनी तो घेऊन आली होती. खाली निष्कर्षही लिहून तयार होता. लोकसंख्येच्या मानाने घाना बराच पुढे, नायजेरिया मागे.

"मॅडम, दोन्ही आकडे अधिकृत आहेत. मग तुलना करायला हरकत नाही ना?"

हरकत होती, पण नेमकी कुठे, ते मलाही लगेच बोट ठेवून सांगता आले नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघी त्या दोन ओळींच्या मागे लागलो. त्यातून जे निघाले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण शिक्षणावरच्या लघुप्रबंधांत असले तक्ते सर्रास येतात आणि मार्गदर्शक म्हणून आपण त्यांवरून डोळे फिरवून पुढे जातो. मीही जात आले आहे.

हेच दोन देश का?

देशांची निवड मात्र तिने उत्तम केली होती. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींमध्ये उच्च शिक्षणाची सोय कशी करावी हे ठरवण्यासाठी इलियट आयोग नेमला. १९४५ मध्ये अहवाल आला तो दुभंगलेला. बहुतेक सदस्यांचे म्हणणे, नायजेरिया आणि गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचे घाना, या दोन्हीकडे स्वतंत्र कॉलेज हवे. अल्पमताचे म्हणणे, सगळ्या पश्चिम आफ्रिकेला मिळून नायजेरियातल्या इबादानला एकच पुरे. लंडनचा कल आधी अल्पमताकडे होता. गोल्ड कोस्टच्या लोकांना ते मानवले नाही. जे. बी. डांक्वा यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी बाजू लावून धरली, कोकोच्या व्यापारातला पैसा उभा राहिला, आणि १९४८ मध्ये दोन्ही देशांत एकेक युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झाले. पदव्या दोन्हीकडे लंडन विद्यापीठाच्या.

म्हणजे भाषा एक, परीक्षांची घडण एक, लेक्चरर, सीनियर लेक्चरर, प्रोफेसर ही पायऱ्यांची शिडीही जवळपास एकच. तुलनेला याहून चांगली जोडी मिळणे कठीण. दोन देशांना पुरतील इतके शिक्षक आणि पैसा आहे का, हा प्रश्न या दोन विद्यापीठांच्या जन्माआधीपासूनचा आहे, हेही विसरून चालत नाही.

नंतर वाटा फुटल्या. नायजेरियाकडे तेलाचा पैसा आला, १९७५च्या सुमारास एका दमात सात नवी विद्यापीठे निघाली. त्याच काळात घानाची अर्थव्यवस्था खचत होती. घानाचे शिक्षक, शाळेतले आणि विद्यापीठांतलेही, नायजेरियाला जाऊ लागले. एकाच माणसाने एका देशाच्या पटावरून उतरायचे आणि दुसऱ्याच्या पटावर चढायचे. १९८३ च्या जानेवारीत नायजेरियाने कागदपत्रे नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायला सांगितले; त्यांत सर्वांत जास्त घानाचे होते. लाखो लोक हाताला लागेल ते सामान चौकड्यांच्या स्वस्त प्लास्टिक पिशव्यांत भरून निघाले. आपल्याकडे एसटी स्टँडवर दिसते तीच लाल-निळी चौकड्यांची पिशवी. तिकडे तिचे नावच पडले, 'घाना मस्ट गो'. पुढे वारे उलटले आणि पोरके होण्याची पाळी नायजेरियाच्या विद्यापीठांवर आली. तिथल्या तरुणांच्या तोंडी आज योरुबा भाषेतला एक शब्द आहे, 'जपा', म्हणजे निसटणे, देश सोडून पळणे. लेक्चररही त्यातच आहेत.

हा इतिहास तिने प्रस्तावनेत दीड पानात छान मांडला होता. गडबड पुढच्या पानावर होती.

आकडा कोणाचा?

नायजेरियाचा आकडा तिने घेतला होता ३७,५०४. तो २०१२ च्या गरज-मूल्यमापन अहवालातला. नायजेरियाच्या अध्यापक संघटनेशी, म्हणजे असूशी, झालेल्या वाटाघाटींतून सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष प्रा. महमूद याकुबू. केंद्राच्या आणि राज्यांच्या विद्यापीठांत जाऊन तिथे काय आहे आणि काय नाही हे पाहायचे, असे काम. आफ्रिकेतल्या उच्च शिक्षणाविषयी इतका परखड सरकारी दस्तऐवज मी तरी दुसरा वाचलेला नाही.

पण ते ३७,५०४ कोण? फक्त सरकारी विद्यापीठांतले अध्यापक. १९९९ पासून परवाने मिळालेली खासगी विद्यापीठे त्यात नाहीत. पॉलिटेक्निक नाहीत. शिक्षक घडवणारी कॉलेजे नाहीत. नायजेरियात या तिन्ही प्रकारच्या संस्थांवर तीन वेगळी नियामक मंडळे आहेत, आणि प्रत्येक मंडळ आपल्यापुरते मोजते.

घानाचा आकडा तिने आंतरराष्ट्रीय सांख्यिकीतून उचलला होता. तिथे 'उच्च शिक्षण' म्हटले की अल्पमुदतीच्या पदविकांपासून पीएच.डी.पर्यंतचे सगळे स्तर आले. विद्यापीठे आली, पॉलिटेक्निक आली, सरकारी-खासगी दोन्ही आले. म्हणजे एका पारड्यात फक्त सरकारी विद्यापीठे आणि दुसऱ्यात सगळे घरदार. घाना जिंकणारच होता. तो आकडा आम्ही तिथेच बाद केला, म्हणून इथे देत नाही.

घानाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तिथे प्राथमिक शिक्षक घडवणारी ३८ सरकारी कॉलेजे होती, आपल्याकडच्या डी.एड. कॉलेजांच्या जातीची. २०१२ च्या कायद्याने त्यांना उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा मिळाला. पुढे ती ४६ झाली, आणि २०१८ पासून विद्यापीठांशी संलग्न होऊन चार वर्षांची बी.एड. पदवी शिकवू लागली. आता त्या कॉलेजांतल्या एखाद्या अध्यापिकेचा विचार करा. आदल्या वर्षी तिचा वर्ग तोच, फळा तोच, तासही तितकेच. कायदा झाला आणि ती उच्च शिक्षणातली अध्यापिका झाली. समजा, एकेका कॉलेजात चाळीस जण धरले, तर पंधराशे नावे एकही नवी नेमणूक न होता वाढतात. आलेखावर ही वाढ भरतीसारखीच दिसेल. माझ्या विद्यार्थिनीने खरेच तिथे 'अध्यापकभरतीला गती' असे लिहिले होते. त्या कॉलेजांच्या दर्जासाठी हा बदल चांगलाच होता, पण त्याला भरती म्हणता येत नाही.

भागायचे कशाने?

लोकसंख्येचा रकाना तिला सर्वांत निर्धोक वाटला होता. घानाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये जनगणना केली. पहिलीत २ कोटी ४६ लाख, दुसरीत ३ कोटी ८ लाख. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची, १४ कोटी ४ लाख. त्यानंतर तिथे जनगणना झालेली नाही. २०१२ साठी वापरले जाणारे अंदाज १७ कोटींच्या आसपासचे.

तिने २००६ चा आकडा घेऊन २०१२ च्या अध्यापकांना भागले होते. उत्तर आले लाखामागे २६.७. अंदाजाने भागले तर २२. फरक लहान वाटतो, पण तो घानाच्या बाजूने वाचून पाहिला तेव्हा आम्ही दोघी जरा गप्पच झालो. नायजेरियाशी बरोबरी साधायला घानाला किती अध्यापक लागतील? पहिल्या हिशेबाने साधारण ६,५८०, दुसऱ्याने ५,४४०. म्हणजे घानात कोणीही नोकरीला न लागता किंवा न सुटता, केवळ शेजारच्या देशात जनगणना न झाल्यामुळे बरोबरीची रेघ अकराशेहून अधिक अध्यापकांनी वरखाली होते.

तसेही, लोकसंख्या हा चुकीचाच भाजक आहे असे माझे मत आहे. विद्यापीठातला अध्यापक देशाला शिकवत नाही, समोर बसलेल्यांना शिकवतो. म्हणून आम्ही विद्यार्थीसंख्येकडे वळलो. अहवालात ती होती : १२,५२,९१३. एका अध्यापकामागे ३३. नायजेरियाच्या विद्यापीठ आयोगाचे स्वतःचे निकष असे : वैद्यकशास्त्रात दहा विद्यार्थ्यांमागे एक, अभियांत्रिकीत पंधरांमागे, विज्ञानात वीसांमागे, कला आणि सामाजिक शास्त्रांत तीसांमागे. या निकषांशेजारी ३३ ठेवले तर ओढाताण दिसते, पण हलाखी दिसत नाही. हलाखी दिसते सरासरी फोडल्यावर. अबुजा विद्यापीठात एका अध्यापकामागे १२२ विद्यार्थी, लागोस राज्य विद्यापीठात ११४. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ३६३, पण ते दूरशिक्षण, त्याला वेगळे मोजायला हवे.

प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नरच्या जागी रॉकेलचे स्टोव्ह आहेत, जैविक नमुने काचेच्या बरण्यांऐवजी पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवले आहेत, अशा नोंदी त्याच अहवालात आहेत. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याचा अर्धा तास स्टोव्ह पेटवण्यात जात असेल तर गुणोत्तरातला 'एक' हा पूर्ण एक राहत नाही. दुसरीकडे शिक्षकेतर कर्मचारी ७७,५११, अध्यापकांच्या दुपटीहून जास्त. ते वाचून माझ्या मनाला फार लागले. पैसा नव्हता असे नाही. तो वर्गापर्यंत आला नाही.

४७ पैकी ४

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येते. अहवालातले जे पान आम्ही सर्वांत जास्त वेळा वाचले ते अभ्यागत अध्यापकांविषयीचे. ईशान्य नायजेरियातल्या गोंबे राज्य विद्यापीठात तेव्हा ४७ प्रोफेसर होते. त्यांतले पूर्णवेळ चार. त्याखालच्या पायरीवर, म्हणजे रीडर, २५ जण, आणि पंचवीसच्या पंचवीस व्हिजिटिंग. बोक्कोसच्या प्लॅटो राज्य विद्यापीठात ७४ टक्के अध्यापक व्हिजिटिंग. कडुना राज्य विद्यापीठात पीएच.डी. झालेले १७४, त्यांतले पूर्णवेळ २४.

गोंबेच्या उरलेल्या ४३ प्रोफेसरांचा विचार करा. काही निवृत्त असतील, पण बहुतेकांची मूळ नोकरी दुसऱ्या एखाद्या, बहुधा जुन्या विद्यापीठात. तिथल्या पटावर त्यांचे नाव आहेच. गोंबेच्याही पटावर आहे. कदाचित तिसरीकडेही. दोन्ही विद्यापीठांनी आपापली यादी प्रामाणिकपणे पाठवली आणि वर बसलेल्याने बेरीज केली, की एका माणसाचे दोन होतात. यात कोणी खोटे बोललेले नसते, आणि म्हणूनच ही चूक सापडत नाही.

हे का घडते, तेही समजून घ्यायला हवे. नायजेरियात अभ्यासक्रमाला मान्यता देताना अध्यापकवर्गाची वाटणी पाहिली जाते. साधारण वीस टक्के प्रोफेसर, पस्तीस टक्के सीनियर लेक्चरर, बाकी खालच्या पायऱ्यांवरचे. निकष चांगल्या हेतूने केला आहे. पण गोंबे, कडुना, बोक्कोस ही विद्यापीठे निघाली २००४-०५ च्या सुमारास. इमारत दोन वर्षांत उभी राहते. प्रोफेसर तयार व्हायला वीस वर्षे जातात. तेव्हा मग ते उसने आणले जातात. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर काम करणारे प्राध्यापक सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्यात शिकवतात, हे आपण रोज पाहतो. तिकडे तीच धावपळ शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर चालली होती. फरक इतकाच की आपल्याकडचा तरुण पोटासाठी धावतो आणि तिकडच्या ज्येष्ठाला संस्था आपल्या मान्यतेसाठी बोलावते. वर्गातल्या मुलांच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे घाईत असलेला शिक्षकच येतो.

माणूस एकदाच मोजायचा तर त्याची स्वतंत्र नोंद लागते. आपल्याकडे याचा पुरावा आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१५-१६ साली अध्यापक होते १५ लाख १८ हजार. पुढच्या वर्षी एकेका अध्यापकाची वेगळी माहिती भरून घेण्याच्या पद्धतीवर आकडा आला आणि तो १३ लाख ६५ हजार निघाला. वर्षभरात दीड लाख लोक नोकरी सोडून गेले नव्हते. नायजेरियात केंद्राच्या विद्यापीठांपुरते हेच काम पगाराच्या केंद्रीय संगणकप्रणालीने करायचा प्रयत्न झाला. सरकारला एकेक कर्मचारी ओळखून पगार द्यायचा होता. असूने कडाडून विरोध केला. विद्यापीठांची स्वायत्तता जाते हा एक मुद्दा, आणि दुसरा अगदी व्यवहाराचा : या प्रणालीत व्हिजिटिंग, सबॅटिकलवरचे, म्हणजे अभ्यासरजेवरचे, आणि अर्धवेळ अध्यापक बसतच नाहीत. म्हणजे गोंबेसारखी विद्यापीठे ज्या प्रकारच्या अध्यापकांवर चालत होती त्यांनाच जागा नाही. २०२० साली झालेल्या दीर्घ संपामागे हा वाद होता, आणि अखेर २०२३ च्या डिसेंबरात सरकारने विद्यापीठांना त्या प्रणालीतून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला. मला इथे दोन्ही बाजूंचे दुःख कळते. मोजणी नेमकी हवी, पण ज्या मोजणीत निम्मे शिकवणारे दिसेनासे होतात ती नेमकी कशी म्हणायची?

साठ आणि सत्तर

एक छोटी गोष्ट, पण ती तिने स्वतः शोधली म्हणून मुद्दाम नोंदवते. घानाच्या राज्यघटनेप्रमाणे सरकारी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्यानंतर गरज पडली तर एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचा करार, आणि सगळे मिळून पाच वर्षे. नायजेरियाने २०१२ मध्ये कायदा बदलून प्रोफेसरांचे निवृत्तीचे वय सत्तर केले, इतर अध्यापकांसाठी पासष्ट ठेवले. त्रेसष्ट वर्षांचे दोन प्रोफेसर घ्या, एक लेगॉनचे, म्हणजे घाना विद्यापीठातले, एक इबादानचे. दोघे सारखेच शिकवतात, सारखेच मार्गदर्शन करतात. इबादानचे कायम पदावर आहेत. लेगॉनचे करारावर, आणि मोजणाऱ्याने 'कायम' हा रकाना धरला तर ते घानाच्या यादीत नाहीतच.

"म्हणजे मॅडम, वयाचाही रकाना घालायचा?" तिने विचारले. घालायचाच होता.

मग तुटवडा कोणाकडे?

दोन्हीकडे आहे, असे आमचे मत झाले. पण तो एकाच जातीचा नाही.

नायजेरियात विद्यापीठे अध्यापकांच्या पुढे धावली. आज तिथे अडीचशेहून अधिक विद्यापीठे आहेत. २०१२ च्या त्या ३७,५०४ मध्ये पीएच.डी. झालेले होते १६,१२७, म्हणजे ४३ टक्के; समितीच्या मते असायला हवे होते ७५ टक्के. साठ टक्क्यांपर्यंत पोचलेली विद्यापीठे फक्त सात. जे आहेत ते जुन्या विद्यापीठांत एकवटलेले, आणि नवी विद्यापीठे त्यांच्याच फेऱ्यांवर तगलेली. अहवालानंतर २०१३ मध्ये असूने साडेपाच महिने संप केला आणि सरकारने सहा वर्षांत मिळून १ लाख ३० हजार कोटी नायरा देण्याचे कबूल केले. पैसे कबुलीप्रमाणे आले नाहीत, आणि संपांची माळ तुटली नाही. २०२२ मध्ये १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर, असे आठ महिने वर्ग बंद होते. त्या वर्षीची अध्यापकसंख्या विचारली तर पट भरलेला मिळेल. मुलांसमोर मात्र आठ महिने कोणीही उभे नव्हते.

घानाची अडचण वेगळी. तिथे नवा लेक्चरर घ्यायचा तर अर्थमंत्रालयाची आर्थिक मंजुरी लागते, आणि ती वेळेवर हाती पडत नाही. पीएच.डी. झालेला उमेदवार दारात उभा, विभागाला तो हवा, पण पद भरता येत नाही. पदभरतीवरच्या बंदीखाली वर्षानुवर्षे काढलेल्या मराठी वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यात २०१७ च्या सप्टेंबरात घानाने उच्च माध्यमिक शिक्षण मोफत केले. ती पहिली मोठी तुकडी २०२० मध्ये शाळेतून बाहेर पडली आणि विद्यापीठांच्या दारी आली. मोफत शिक्षणाचा तो निर्णय मला मनापासून आवडतो. त्याच्याबरोबर तीन वर्षांनी लागणाऱ्या लेक्चररांची सोय व्हायला हवी होती.

एका देशात माणसे कमी आणि पदे उघडी, दुसऱ्यात माणसे आहेत आणि पदे अडलेली. 'लाखामागे इतके' असे लिहिले की या दोन व्यथा एकसारख्या दिसू लागतात, आणि उपायही एकच सुचवला जातो. तिने सुचवला होता : 'दोन्ही देशांनी अध्यापकभरती वाढवावी.' नायजेरियात भरती वाढवायची तर आधी पीएच.डी. करणाऱ्यांना सांभाळावे लागेल, नाहीतर आणखी एका विद्यापीठाच्या यादीत तीच नावे चढतील.

लघुप्रबंधातला शेवटचा तक्ता आम्ही नव्याने मांडला. लोकसंख्येचा रकाना काढून टाकला. देशांच्या बेरजा गाळल्या. त्याऐवजी चार प्रश्न ठेवले आणि प्रत्येक आकड्यासमोर त्याचे उत्तर लिहायचे ठरवले : कोणत्या प्रकारच्या संस्था, पूर्णवेळ की सगळे, पीएच.डी. किती, कोणत्या वयापर्यंत. ज्या आकड्याला चारांपैकी दोनही उत्तरे मिळत नव्हती तो घेतला नाही. तक्ता आधीपेक्षा रिकामा दिसू लागला. ती थोडी हिरमुसली, कारण तीन महिन्यांची मेहनत होती आणि भरलेल्या तक्त्याला गुण मिळतात हे तिलाही ठाऊक होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता उलटसुलट पाहिला. "हे सगळे ठीक आहे," ते म्हणाले, "पण एकूण अध्यापक कोणत्या देशात किती, ते तुम्ही कुठेच दिलेले नाही."

तिने गोंबेचे पान काढून त्यांच्यासमोर ठेवले. "सर, हे सत्तेचाळीस जण," ती म्हणाली, "यांना मी किती धरू?"